पाण्यात पाय टाकलेला औदुंबर: मराठीच्या एका वर्गाचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात बी. ए. भाग दोनच्या मराठीच्या वर्गात हे सगळं घडलं. वर्ग घेणाऱ्या मॅडम माझ्याच विभागातल्या. त्यांनी बोलावलं म्हणून मी काही तासांना मागच्या बाकावर बसलो होतो, आणि पुढे वह्याही आम्ही दोघांनी मिळून वाचल्या. मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांच्या वहीतला मजकूर इथे घेतला आहे, त्यांना विचारून घेतला आहे.

त्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनासाठी विभागाने 'चिंतनवही' ठेवली होती. मुलांच्या तोंडी ती 'डायरी'. कविता किंवा कथा वाचायची, वर्गात चर्चा करायची, मग घरी जाऊन पानभर नोंद लिहायची. नोंदीला दहा गुण. सूचना अशी होती: 'या कलाकृतीने तुम्हांला काय दिले ते स्वतःच्या अनुभवाशी जोडून लिहा.' सूचना ऐकायला बरी वाटते. पुढे जी काही गुंतागुंत झाली ती बहुतेक या एका वाक्यातून झाली, म्हणून ते इथे जसंच्या तसं दिलं आहे.

पहिली कविता बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी. शाळेत कुठल्या ना कुठल्या इयत्तेत भेटलेली, त्यामुळे मुलांना ती 'सोपी' वाटते. वह्या आल्या तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदींत एकच वाक्य थोड्याफार फरकाने होतं: कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे. त्याखाली अनुभव म्हणून पन्हाळ्याची सहल, रंकाळ्यावरची संध्याकाळ, मामाच्या गावचा ओढा. हे वाक्य गाइडातलं आहे हे सांगायला नको. मुलांनी चोरी केली असं मला वाटत नाही. मनोहारी हा शब्द त्यांनी आयुष्यात एकदाही बोलताना वापरलेला नसेल, पण मराठीच्या पेपरात असं लिहायचं असतं हे त्यांना आपणच बारा वर्षं शिकवलं आहे.

एका नोंदीत औदुंबर म्हणजे दत्त महाराजांचं स्थान, म्हणून झाड तपाला बसलं आहे, असं होतं. मुलाच्या घरी दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचा नेम आहे. आणि एक नोंद शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातून रोज एसटीने येणाऱ्या मुलीची. ती अशी:

'ही कविता पुराची आहे. २०१९ ला आम्ही होडीतनं गाव सोडलं तेव्हा घाटावरचा उंबर असाच पाण्यात पाय टाकून बसला होता. सगळे गेले, तो गेला नाही. कवीने हे कुठंतरी बघितलं असणार.'

खाली तीन परिच्छेद पुराचे. जयसिंगपूरच्या छावणीतले दिवस, परत आल्यावर भिंतीवर दिसलेली पाण्याची रेघ, आजीने उन्हात वाळत घातलेली पोथी. कवितेबद्दल वर दिलेल्या चार वाक्यांपलीकडे एक अक्षर नाही.

मॅडमनी ती वही माझ्यापुढे ठेवली. 'याला किती देऊ?'

विभागात मतं पडली. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, मुलीने मनापासून लिहिलंय, नऊ द्या, अशी पोरं राहिलीत कुठं. दुसरे म्हणाले, कवितेत पूर नाही, उत्तर चूक आहे, तीन द्या. आणि विद्यापीठाच्या पेपरात 'कवितेतील निसर्गचित्रण स्पष्ट करा' असं आलं तर ही काय लिहिणार? मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटल्या. नऊ देणाऱ्यांनी कविता वाचली नव्हती आणि तीन देणाऱ्यांनी मुलीची नोंद वाचली नव्हती. नऊ गुण अनुभवाला मिळत होते. तो अनुभव तिला पंचगंगेने आणि कृष्णेने दिला, वर्गाने नाही. आणि तीन दिले असते तर मनोहारी लिहिणाऱ्यांना सहा मिळत असताना कवितेतली सर्वांत अवघड ओळ जिने एकटीने पकडली तिला खाली बसवल्यासारखं झालं असतं.

मॅडमनी गुण दिलेच नाहीत. वह्या तशाच परत केल्या आणि पुढचा तास पुन्हा त्याच कवितेला दिला.

फळ्यावरचा नकाशा

तासाची सुरुवात चर्चेने नाही, नकाशाने झाली. एका मुलाला खडू देऊन सांगितलं, बाकीचे एकेक ओळ वाचतील, तू ती फळ्यावर काढ. ऐल तट, पैल तट, मधून झरा. झऱ्यात बेटं. इथवर सोपं. 'चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे' आल्यावर तो थांबला. गाव कुठल्या बाजूला काढू? वर्गातून दोन्ही बाजूंनी ओरडा. मग कोणीतरी म्हणालं, गाव पैल आहे म्हणजे बोलणारा ऐल आहे, म्हणजे आपण इकडं उभे. त्याने फळ्याच्या तळाशी काठीसारखा एक माणूस काढला. मॅडमनी विचारलं, 'हा कोण?' तो म्हणाला, 'कवी.' 'कवितेत आहे?' पोराने ओळी पुन्हा वाचल्या आणि डस्टरने माणूस पुसला.

'शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.' शेतं काढली. मग पायवाट. 'पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे, हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.' ती नागमोडी काढत काढत खडू फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात आला, तिथे त्याने डोह खरवडून भरला आणि काठावर झाड काढलं. आता फळ्यावर जे दिसत होतं त्यात सगळ्या रेघा त्या कोपऱ्यात उतरत होत्या. हे कोणी सांगितलं नव्हतं. सहा ओळींत हिरवा तीनदा येतो, मग एक पांढरी रेघ, आणि ती रेघ काळ्यात जाऊन संपते. मनोहारी लिहिणाऱ्यांतलाच एकजण मागून म्हणाला, 'सर, हे तर खाली ओढल्यागत झालंय.' मॅडम शिकवत असल्या तरी पोरांच्या तोंडी सरच येतं.

नकाशाचा एवढा पाल्हाळ लावण्याचं कारण आहे. साहित्याच्या वर्गात 'चिंतन' म्हणजे डोळे मिटून काहीतरी गंभीर वाटून घेणं, असा समज मुलांचाच नाही, आपलाही असतो. इथे चिंतनाची सुरुवात गाव उजवीकडे काढायचं की डावीकडे या भांडणाने झाली. कविता आठ ओळींची असेल तर हा उद्योग अर्ध्या तासात होतो आणि त्यानंतर हवेत बोलणं आपोआप कमी होतं, कारण कोणीही काहीही म्हटलं तर फळा समोर असतो.

मग मॅडमनी शिरोळच्या मुलीला नोंद वाचायला सांगितली. आधी विचारून ठेवलं होतं, चालेल म्हणाली होती. तिने पहिली चार वाक्यं वाचली आणि थांबली.

पहिला आक्षेप खडूवाल्याचा. 'पूर आला असता तर पायवाट पांढरी दिसली असती काय? ती पाण्याखाली पायजे.'

ती म्हणाली, 'मग पूर येऊन गेला असंल.'

यावर कागल बाजूच्या एका मुलाने जे सांगितलं ते कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकात मिळणार नाही. 'पूर गेला की शेत हिरवं राहतंय व्हय? उसाच्या शेंड्यातल्या सुरळीत गाळ बसला की ऊस खलास. पिवळा पडतोय, कुजतोय, वास सुटतोय. इथं कवी म्हणतोय हिरवी गर्दी. पूर आलाच नाही तिथं.' वर्गात निम्मी घरं उसाची, त्यामुळे या पुराव्यावर कोणाला शंका नव्हती. तिसरा म्हणाला, पुराचं पाणी तांबडं, गढूळ. डोह तर काळा आहे. त्यावर तिचं उत्तर तयार होतं: 'रात्री काळंच दिसतंय. मी बघितलोय.' (कोल्हापुराकडच्या मुली स्वतःबद्दल असं पुल्लिंगी बोलतात. पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांना पहिलं वर्षभर ते दुरुस्त करावंसं वाटतं, मग सोडून देतात.)

वाद इथे संपला असता तर 'पूर' हरला आणि गाइड जिंकलं असं झालं असतं. मॅडमनी एक प्रश्न टाकला. 'पूर बाजूला ठेवू. हिला या कवितेत पूर का दिसला? कुठल्या ओळीवर दिसला?'

तिने शेवटची ओळ सांगितली. 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.' मग थोड्या वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाली, 'आणि गावात माणूसच नाही की. चार घरं हायत, शेतं हायत, वाट हाय. वाटंवर कोण चालतंय? कोणच नाही. आमचं गाव तसंच झालतं.'

खडूवाल्याने माणूस पुसला होता तो याच फळ्यावरून. पण त्या पुसण्याचा अर्थ तिने लावला. शेतमळे आहेत म्हणजे कसणारे असणार, पायवाट पांढरी पडली आहे म्हणजे रोज पाय पडत असणार, आणि तरी अख्ख्या चित्रात एक माणूस, एक जनावर, एक आवाज नाही. बसलंय ते एकटं झाडच. गाइडवाल्या नोंदींपैकी एकीतही हे नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ही कविता अनेक वर्षं शिकवूनही 'औदासीन्य' हा शब्द वापरण्यापलीकडे ते कुठून येतं हे मी इतक्या सरळपणे वर्गात कधी दाखवलेलं नाही.

एकाने बालकवी तरुणपणी, १९१८ साली, रेल्वे अपघातात गेले हे आणलं. म्हणून कवितेत मृत्यू आहे, असं. मॅडमनी ते तिथेच तोडलं: कविता लिहिताना कवीला स्वतःचा अपघात ठाऊक नव्हता. दत्तभक्त मुलाला मात्र त्यांनी थोडा वेळ दिला, कारण 'बसला' या क्रियापदावर त्याचं म्हणणं टिकत होतं. झाड उभं असतं. ते इथे बसलं आहे आणि हलायच्या विचारात दिसत नाही. वाडीला कृष्णेचं पाणी पादुकांवरून वाहू लागतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याला लोक त्याच पाण्यात उतरतात. पाण्यात बसणं म्हणजे नेहमीच अडकणं नव्हे, असं तो म्हणाला. मुलगी म्हणाली, 'तुमी उतरताय, आमी बुडतोय.' वर्ग हसला, तीही हसली.

पुन्हा नोंद लिहायला सांगितलं. या वेळी मॅडमनी सूचना बदलली: आधी ओळ लिहा, मग तुमचं काय ते लिहा, मग परत त्या ओळीकडे या आणि ती आता वेगळी वाचता का ते सांगा. तिच्या दुसऱ्या नोंदीतला एक तुकडा:

'कवितेत पूर नाही. पायवाट कोरडी आहे. पण मला पूर दिसला कारण गाव रिकामं आहे आणि झाड पाण्यात आहे. पुरात आम्ही झाडाला सोडून गेलो होतो. इथं कोणी सोडून गेलेलं नाही, तरी झाड एकटंच आहे. म्हणजे पूर आला नाही तरी असं असू शकतं. पाणी गोड काळिमा म्हणतात ते मला पहिल्यांदा खोटं वाटलं, काळं पाणी गोड कसं. पण जो पळणार नाही त्याला ते गोड वाटत असेल.'

('गोड काळिमा' हे सातव्या ओळीतलं: 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.') शेवटचं वाक्य मला पटलं असं नाही. पण ते कवितेबद्दलचं वाक्य आहे. पहिल्या नोंदीतले तीन परिच्छेद पुराबद्दल होते.

तीच सूचना, दुसरी कलाकृती

पुढचं वाचन बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. १९६३ साली आलेल्या याच नावाच्या संग्रहातली कथा. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण निवेदक परगावी भाड्याने खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. उघड होतं तेव्हा मार खातो. काशिनाथ, जो जात लपवत नाही आणि आडवा येईल त्याला भिडतो, तो त्याला सोडवतो.

चिंतनवहीची मूळ सूचना तशीच ठेवायची होती: स्वतःच्या अनुभवाशी जोडून लिहा. 'औदुंबर'ला ती सूचना सुधारून चांगलं फळ मिळालं होतं, त्यामुळे मॅडमही उत्साहात. वह्या आल्या. 'औदुंबर'वर उत्तम लिहिलेल्या एका विद्यार्थ्याने या वेळी फक्त कथेचा सारांश दिला होता. कोरडा, व्यवस्थित, दीड पान. स्वतःचा एक शब्द नाही. आणखी दोन-तीन वह्या तशाच. उलट काही नोंदी भरभरून होत्या: आमच्याकडे आता असं काही नसतं, आम्ही सगळे एका ताटात जेवतो, वगैरे.

त्या सारांशामागचं कारण आम्ही शोधलं नाही. शोधायचं नव्हतंच. वर्गात पन्नास मुलं, वही शिक्षक वाचणार, कदाचित चर्चेत वाचून दाखवायला सांगणार. अशा ठिकाणी या कथेला 'तुमचा अनुभव लिहा' म्हणणं म्हणजे काही मुलांना त्यांची जात वहीत लिहा म्हणणंच झालं. निवेदकाने जी गोष्ट लपवली म्हणून कथा घडली, तीच गोष्ट आपण दहा गुणांसाठी मागत होतो. पूर सांगायला शिरोळच्या मुलीला काही किंमत मोजावी लागली नाही, उलट वर्गाने तिला मान दिला. इथे किंमत होती, आणि कोणाला ती मोजावी लागेल हे आधीच ठरलेलं होतं. 'आमच्याकडे असं काही नसतं' लिहिणाऱ्यांना काहीच मोजायचं नव्हतं, आणि तेच मोकळे होऊन लिहीत होते.

राजर्षी शाहूंच्या गावात, १९०२ मध्ये जिथे पन्नास टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम निघाला तिथे, हा संकोच कशाला, असं विभागात एकाने म्हटलं. मला वाटतं हुकूम निघाला म्हणून वर्गातले बाक मोकळे होत नाहीत. मॅडमनी वाद घातला नाही, सूचना बदलली. नवी सूचना: 'कथा वाचताना तुम्ही कोणत्या पात्राच्या बाजूने होता? कोणत्या प्रसंगी बाजू बदलली? तो प्रसंग दाखवून लिहा.'

यात आयुष्य मागितलेलं नाही, वाचन मागितलेलं आहे. ज्याला आयुष्य आणायचं त्याला दार उघडं आहे, पण गुण त्यावर नाहीत. आणि मजा अशी की उत्तरं जास्त आतली आली. शिवाजी पेठेतल्या एका मुलाने लिहिलं की सुरुवातीला त्याला निवेदकाचा राग येत होता. 'खरं सांगून टाक की लेका, कशाला घाबरतोस' असं तो वाचताना म्हणत होता, आणि काशिनाथ आवडत होता कारण तो बिनधास्त. मार बसतो त्या पानावर आपण त्याला काय करायला सांगत होतो हे कळलं. 'मी त्याला खरं सांगायला सांगत होतो कारण मला खोली भाड्याने घ्यायची नव्हती,' असं त्याचं वाक्य आहे. 'एका ताटात जेवतो' अशी नोंद लिहिताना त्याला जे करावं लागलं नसतं ते त्याने इथे केलं.

सारांश देणाऱ्या त्या विद्यार्थ्याने काशिनाथावर लिहिलं: काशिनाथला सगळे टरकून असतात, म्हणून तो वाचतो, पण त्याच्याशी कोणी गोडही बोलत नाही, निवेदकाशी सगळे गोड बोलतात तोवर तो त्यांच्यात असतो. कथेत निवेदकाला नक्की काय हवं होतं, खोली की ते गोड बोलणं, असा प्रश्न विचारून नोंद संपते. त्याखाली मॅडमनी काही शेरा लिहिला नाही, फक्त दहापैकी नऊ.

सगळ्या नोंदी अशा नव्हत्या. बरीच मुलं 'मी पहिल्यापासून निवेदकाच्याच बाजूने होतो' एवढ्यावर सुटली. त्यांना बाजू बदलायला लावणारा प्रश्न आम्हांला अजून सापडलेला नाही. पन्नास वह्या दोनदा वाचणं एका शिक्षकाला दर सत्रात झेपत नाही, हेही आहे. विभागाने यंदा कलाकृतींची संख्या कमी केली आणि दुसरा खर्डा सक्तीचा केला. पेपरात निसर्गचित्रणच विचारणार म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचा विरोध कायम आहे. त्यांना मॅडमचं उत्तर एवढंच की नकाशा काढलेल्या पोराला निसर्गचित्रण लिहायला अडचण येत नाही, आठही ओळी त्याला पाठ असतात.

'औदुंबर'चे गुण लागले तेव्हा शिरोळच्या मुलीला सात मिळाले. ती स्टाफरूममध्ये आली, मी तिथेच होतो. 'मॅडम, तीन कुठं गेले?'

मॅडमनी तिची वही उघडली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं: शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे. गाव रिकामं, झाड एकटं, हे सगळं तू दाखवलंस. मग एवढं हिरवं कशाला आहे ते तुझ्या नोंदीत कुठे आहे?

तिने ओळ दोनदा वाचली. 'ते मलाबी जमलं नाही,' म्हणाली, आणि वही घेऊन पाच वाजताच्या एसटीला पळाली.